खालच्या खाचेतली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. डांबरी रस्त्यासाठी नव्हे, तर चिखल आणि खड्ड्यांसाठी बनवलेली. माझ्या मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप होते. सगळे धक्के तेच झेलत. प्रत्येकाच्या स्प्रिंगला पाच खाचांची रिंग होती. बसणारा जड असेल तर ती वरच्या खाचेत चढवून स्प्रिंग कडक करायची, हलका असेल तर खाली आणून नरम करायची.

माझे मालक, बडोद्याचे सुभानराव, तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, अंगानं धिप्पाड. मही नदीच्या काठी होणाऱ्या शर्यतींत ते मला उंच उडवत, तेव्हा लोक टाळ्या पिटत. घरी आल्यावर ते स्वतः मला पुसत.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांची धाकटी बहीण अस्मिता पहाटे मला गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेई. शहराबाहेर हरणीकडे तेव्हा मोकळं माळरान होतं. रिंग खालच्या खाचेत आणून ती मला तिथे मनसोक्त पळवी, आणि घरी परतल्यावर रिंग पुन्हा वर चढवी. आज ही कुठला उतार शोधणार, याची मलाच उत्सुकता असे.

एका रविवारी ती परतली, तोच घरात कुणी जागं झाल्याची चाहूल लागली. रिंग न फिरवताच ती आत पळाली. त्याच दिवशी शर्यत होती. उंच उडीनंतर मी आदळले, शॉकअप तळापर्यंत दबले आणि सुभानराव फेकले गेले. त्यांचा गुडघा कायमचा अधू झाला. "गाडीनं दगा दिला," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर सदतीस वर्षं त्यांनी मला हात लावला नाही. पुढे त्यांनी हरणीलाच घर घेतलं आणि मी तिथल्या जिन्याखाली गेले. शॉकअपमधलं तेल गळून गेलं.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीनं जिना मोकळा करायला सांगितला. सुभानराव भंगारवाल्याला बोलावणार, तेवढ्यात नुकत्याच निवृत्त झालेल्या अस्मिताताई म्हणाल्या, "दादा, मला दे. मी दुरुस्त करून घेते."

"या वयात तुला काय करायचीय?" ते कुरकुरले. तरी सोबत आलेच.

पाणीगेटला यासीनभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी मांडवीच्या बाजारातून आणलेली एक चकचकीत जोडी लावून पाहिली. ती दोन बोटं लांब निघाली. माझी मागची बाजू वर आली, चेन ताणली गेली. मग त्यांनी जुन्या शॉकअपची लांबी बोल्टच्या एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत टेपनं मोजली. त्या मापाची दुसरी जोडी नेमकी बसली, पण तिच्या स्प्रिंगा इतक्या कडक, की दाबूनही दबेनात.

"लांबी मळी गई, बरोबर जुळली," यासीनभाई म्हणाले. "आता वजन सांगा. चलावशे कोण?"

विचारता विचारताच यासीनभाईंनी जुना शॉकअप उचलून फडक्यानं त्याचा गंज पुसला.

"साहेब, तुम्ही एवढे मजबूत, आणि रिंग एकदम खाली? असं कसं चालवत होता?"

"खाली? मी तर कायम वर ठेवायचो." सुभानरावांनी शॉकअप हातात घेतला आणि ते त्या खाचेकडे बघत राहिले.

"दादा, ती मी खाली आणली होती," अस्मिताताई म्हणाल्या. "पहाटे मी चालवायचे. त्या दिवशी वर चढवायची राहिली. तुझा गुडघा माझ्यामुळे गेला. इतकी वर्षं सांगायचं धाडस झालं नाही."

सुभानराव स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "किती जोरात चालवायचीस?"

"चौथ्या गिअरमध्ये," त्या रडतच म्हणाल्या.

"माळावर?"

"माळावर."

"आणि मी इतकी वर्षं या बिचारीला शिव्या घातल्या!" त्यांनी माझ्या सीटवर हात ठेवला. "शर्यतीआधी रिंग बघणं माझं काम होतं, अस्मिता. मी बघितली नाही." मग ते वळले. "यासीनभाई, वजन हिचं धरा. किती गं तुझं?"

"अठ्ठावन्न."

आठवड्यानं तिसरी जोडी आली, लांबीला तीच आणि स्प्रिंगला नरम.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर रागावून त्याला कोपऱ्यात टाकू नका. आधी त्याला पुसा, निरखून पाहा, काय झालं ते शोधा. मला बोलता येत असतं, तर या भावंडांची सदतीस वर्षं मी वाचवली असती.

परवा गावाबाहेरच्या एका पडीक रानात अस्मिताताईंनी मला सुरू केलं. काठी टेकत बांधावर उभे राहिलेले सुभानराव ओरडले, "अगं, खड्डा आला की सीटवरून उठ!"

त्या आधीच उठल्या होत्या.