दोननंतरच्या पिना

लाल ट्रेमध्ये तेवीस पिना होत्या. दोन वाजेपर्यंत नाकारलेल्या दोन, त्यानंतरच्या एकवीस. पोलादी, दंडगोल, चाळीस मिलिमीटर व्यासाच्या. ठरल्या मापाच्या वर दहा मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच चालतं.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात मी ट्रेनी होते, सांगलीहून आलेली, संख्याशास्त्राची पदवीधर. पिना तपासणाऱ्या चंद्रिकाक्का मूळच्या तंजावरच्या मराठी. कंत्राटावर सहा वर्षं काढल्यावर त्यांना कायम नोकरीचं पत्र मिळालं होतं, पण सशर्त: ऑगस्ट २००६ मध्ये त्यांच्या हातून नाकारलेला माल दोन टक्क्यांच्या आत हवा. महिना संपत आला होता आणि आकडा साडेतीनच्या वर होता.

"पत्रांत 'कंटिंजंट' म्हणून लिहिलें आहे," जेवताना अक्का म्हणाल्या. "अप्पानें डिक्शनरी काढली. एक अर्थ अवलंबून म्हणून, एक अकस्मात म्हणून, एक पलटणीची तुकडी म्हणून. तेला तुकडीच आवडली."

"का?"

"आमी एकोजीराजाच्या तुकडीबरोबर आलों म्हणून! अस्क्या गल्लीला सांगून आला, माझी लेक पलटणींत लागली." त्या हसल्या, मग दहीभात कालवत राहिल्या. "आतां नाहीं म्हणून कसें सांगूं गं तेला?"

सुपरवायझर सुधींद्र सरांनी तयारी ठेवलीच होती. "कंटिंजन्सी प्लॅन आहे माझा," ते मला म्हणाले. "एक तारखेपासून दुसरी मुलगी. चंद्रिकाचा हात घाईचा आहे."

"सगळा दिवस घाईचा आहे का, सर?"

"ते तू मोज. आकडेवाली ना तू?"

मी अठरा दिवसांच्या नोंदी घेऊन चार घरांचा तक्ता मांडला. कॉलेजात त्यालाही आम्ही कंटिंजन्सी टेबलच म्हणायचो. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे का, ते त्यात दिसतं. दोनपर्यंत नऊ हजार पिना तपासल्या, छत्तीस नाकारल्या. दोननंतर अठराशे तपासल्या, तीनशे साठ नाकारल्या. हे अकस्मात घडणं शक्य नव्हतं. पण हात तर तोच होता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी अक्कांच्या शेजारी उभी राहिले. धुण्याच्या यंत्रातून ट्रे आला. नियमाप्रमाणे तो तासभर रॅकवर ठेवायचा. अक्कांनी सरळ टेबलावर घेतला.

"अक्का, सकाळचे ट्रे रॅकवर ठेवता, मग हा नाही ठेवायचा?"

"दोन-चाळीसला माझी बस. रॅकवर ठेवलें तर पुढच्या पाळीला पडेल."

"बाकीचे ठेवतात की."

"ठेवूं देत. आपलें काम दुसऱ्याच्या माथीं ठेवून बस धरणें बरें नाहीं. आमच्या आईनें तसें वाढवलें नाहीं."

मी एक पीन हातात घेतली आणि पटकन खाली ठेवली. तापमापक लावला: बावन्न अंश. खोलीत चोवीस. अठ्ठावीस अंशांच्या फरकाला चाळीस मिलिमीटरचं पोलाद साधारण तेरा मायक्रॉन फुगतं. कागदावर गुणाकार करून मी तो त्यांच्यापुढे सरकवला.

अक्कांनी कागद वाचला, पिनेकडे पाहिलं. "अय्यो! ऊन पिना मोजत होतें मी?"

"महिनाभर."

"आणि येवढें शिकलेली तू आतां सांगतेस?"

मी सुधींद्र सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः पीन मोजली: १७ मायक्रॉन वर. नाकारली. तीच पीन तासाभराने मोजली: ४.

"पण नियम मोडला ना तिनं," ते म्हणाले.

"मोडला, सार," अक्काच म्हणाल्या. "उद्यांपासून रॅकवर ठेवीन. मन होणार नाहीं, तरी ठेवीन."

सर हसले. "तुमच्या मनाचं नका सांगू. माल अजून आहे का?"

नाकारलेला माल महिनाअखेरपर्यंत भंगारात जात नाही; तो जाळीच्या कपाटात होता. शनिवारी सकाळी सरांनी गेज माझ्याकडे दिलं, आकडे स्वतः लिहून घेतले. अक्का एकेक पीन पुसून माझ्या हातात देत होत्या.

दोननंतरच्या तीनशे साठ पिनांपैकी तीनशे त्रेपन्न मर्यादेत आल्या. अठरा दिवसांत तपासलेल्या दहा हजार आठशेपैकी नाकारलेल्या: त्रेचाळीस. ०.४० टक्के.