माझी उत्तर दिशा हरवली तो रविवार

मी एक जुने होकायंत्र आहे. मोंटानाच्या डोंगरांत झाडे तोडणाऱ्या ऑर्विलच्या पिकअपमध्ये, पुढच्या काचेखाली, छत्तीस वर्षे मी बसून आहे. गाडीला दोनदा रंग लागला, एकदा इंजिन बदलले, मी मात्र जागचा हललो नाही. मित्रांनो, आपण जन्मात कधी खोटे बोललो नाही, असे मी मोठ्या ऐटीत सांगत असे. हल्ली सांगत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या वाटीत तेल भरले, त्यात दिशा लिहिलेला गोळा सोडला आणि झाकण लावले, की झालो मी. पण मला शहाणे केले ते ऑर्विलने. त्याने मोकळ्या माळावर अख्खी दुपार गाडी गोल गोल फिरवली आणि पितळी पेचकसाने माझे स्क्रू जुळवले. लोखंडाला तो माझ्या आसपास फिरकू देत नसे. पुढे नात मांडीवर बसू लागली, तेव्हा तिलाही त्याने बजावले होते, "ब्रिन, याच्या शेजारी लोहचुंबक ठेवलंस ना, तर हा भलतंच बरळायला लागेल. आणि आपण बरळतोय हे त्याचं त्याला कळायचंसुद्धा नाही."

मला तेव्हा हसू आले होते. मला कळणार नाही?

ऑर्विल गेला. गाडी त्याच्या मुलाकडे, लायलकडे आली. लायल फोनवर रस्ता बघतो. माझ्यावर धूळ साचली, कोणीतरी माझ्या कपाळाला च्युइंगगमचा कागद चिकटवला. मी आपली उत्तर दाखवत राहिलो. पण वाईट वाटले.

लायल आणि शेल्बी आता वेगळे राहतात. ब्रिन दहा वर्षांची आहे. ती आईकडे असते आणि एकाआड एक शनिवार-रविवारी बापाबरोबर डोंगरातल्या खोपटात. रविवारी पाच वाजता दरीतल्या पेट्रोल पंपावर तिला आईच्या हवाली करायचे, असा न्यायालयाचा हुकूम आहे.

त्या ऑगस्टमध्ये जंगलाला आग लागली होती. धुराने सूर्य दिसत नव्हता. दुपारी वाटेतल्या दुकानापाशी गाडी थांबली. ब्रिन हकलबेरी या रानफळाचे आइस्क्रीम आणायला आत गेली आणि लायल फोनवर हळू आवाजात बोलू लागला.

"आणतो म्हटलं ना पाचला, शेल्बी. हो, दोनदा उशीर झालाय, मलाच झालाय. आज तिसऱ्यांदा झाला तर जा न्यायाधीशांकडे. बंद कर माझे शनिवार-रविवार. मी तोंड उघडणार नाही."

फोन ठेवून तो स्टिअरिंग धरून बसला. ब्रिन आली तेव्हा त्याने तिला यातले काही सांगितले नाही. मग दुकानातून पाणी आणायला तो उतरला. तेवढ्यात ब्रिन पुढे वाकली, तिने माझ्यावरचा कागद सोलून काढला आणि काचेलगतची धूळ पुसली. इतक्या वर्षांनी कोणाचा हात लागला म्हणून मी सुखावलो.

पुढे मुख्य रस्ता आगीमुळे बंद होता. तिथल्या माणसाने सांगितले, "जंगलातल्या रस्त्यानं जा. फाटे पुष्कळ आहेत, पण पूर्व सोडू नका. तासाभरात दरीत उतराल."

फोनला रेंज नव्हती. लायल माझ्याकडे वळला. "चला म्हातारबा, आज तुमची पाळी."

छत्तीस वर्षांत इतका आनंद मला झाला नव्हता. पहिल्या फाट्यावर मी सांगितले, समोर पूर्व आहे. दुसऱ्यावर सांगितले, समोर पूर्व. तिसऱ्यावर गाडी जवळजवळ माघारी वळली, तरी समोर पूर्वच. मी जरा चपापलो. गाडी वळते आहे आणि उत्तर जागची हलत नाही, ती माझ्या एका कुशीला चिकटून बसली आहे, हे काय गौडबंगाल? डोंगर फिरत होते की मी? मग वाटले, मी होकायंत्र आहे. मला उत्तर जिथे वाटते तिथेच ती असणार.

कुंपणाच्या खांबावर उलटा टांगलेला एक बूट मागे गेला. वीस मिनिटांनी तसलाच बूट पुन्हा आला.

"इकडं बूट टांगायची साथ आलीय की काय?" लायल म्हणाला.

तिसऱ्यांदा बूट आला तेव्हा त्याने गाडी थांबवली. चार वाजले होते. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली. "तिच्या मारी, तूही गेलास कामातून?"

मित्रांनो, मला रडता आले असते तर मी रडलो असतो. मी खरे तेच सांगत होतो. खरे सांगूनही माणसे हरवतात कशी, हे मला काही केल्या उमगेना.

"हरवलो तर हरवलो, बाबा," ब्रिन म्हणाली. "परत खोपटात जाऊ. उद्या जाईन मी आईकडे. एका दिवसानं काय होतंय?"

"तसं नाही, बाळा."

"मग कसं?"

लायलने तोंडावरून हात फिरवला. "आज पाचला पोचलो नाही ना, तर यापुढं तू शनिवारी यायचीच नाहीस. पुन्हा न्यायाधीश सांगतील तेव्हा."

 ब्रिनने हळूच हात पुढे केला, माझ्या पाठीमागे काचेच्या फटीत घातला आणि काहीतरी ओढून काढले. माझा गोळा गरकन फिरला. माझी खरी उत्तर परत आली आणि मला भोवळ आल्यासारखे झाले.

तिच्या तळहातावर ट्राउट माशाच्या आकाराचे लोहचुंबक होते, फ्रिजवर लावतात तसले. त्या दुकानातलेच.

लायल त्याच्याकडे बघत राहिला. "आजोबांनी बजावलं होतं ना तुला?"

"म्हणून तर माहीत होतं," ब्रिन म्हणाली आणि रडू लागली. "मला वाटलं, हरवलो की रविवार संपणार नाही."

तो रागावेल असे मला वाटले. त्याने तिला जवळ ओढले, तिच्या केसांत तोंड लपवले आणि बराच वेळ वर काढले नाही. मग नाक पुसून म्हणाला, "बस नीट. म्हातारबा, सांगा आता."

मी सांगितले. पूर्व त्यांच्या पाठीमागे होती.

पंपावर पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. शेल्बी हाताची घडी घालून उभी होती. लायल उतरायच्या आत ब्रिन धावली. "बाबाचा दोष नाही, मी केलं," म्हणत तिने आईला गाडीपाशी ओढत आणले आणि तो मासा माझ्याजवळ धरून दाखवला. मी पुन्हा भरकटलो. मासा दूर नेला, मी शुद्धीवर आलो. शेल्बीने स्वतःच्या हाताने तेच आणखी दोनदा करून पाहिले. मग तिने मासा ब्रिनच्या हातात परत दिला.

"लायल," ती म्हणाली, "पुढच्या वेळेपासून सहाला आण. या रस्त्यावर पाचचं काही खरं नाही."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एखादा वाट चुकला, भलतेच सांगू लागला, तर त्याला टिचकी मारण्याआधी त्याच्या पाठीमागे हात घालून बघा. त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, हे त्याचे त्याला दिसत नसते. आणि अधूनमधून आमची धूळ पुसत जा.

तो मासा आता गाडीच्या मागच्या फळीवर बाहेरून चिकटलेला असतो, माझ्यापासून लांब. रविवारी लायल मुद्दाम त्याच जंगलातल्या रस्त्याने दरीत उतरतो आणि ब्रिन दोन्ही हात मांडीवर ठेवते, आम्हा दोघांना दिसतील असे. त्या बुटापाशी आलो की लायल गाडी अगदी हळू करतो. रविवार लांबवायला त्याला कुठलेही चुंबक लागत नाही.