तेलाच्या टाकीवर

माझ्या लेकीच्या डिक्शनरीत ‘क्वेंच’चे दोनच अर्थ दिलेत: आग विझवणं आणि तहान भागवणं. तळोज्याच्या आमच्या कारखान्यात तिसराच चालतो. भट्टीतला लालबुंद गिअर तेलाच्या टाकीत बुडवायचा, म्हणजे पोलाद कडक होतं.

नवे मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाले, “चंद्रावतीताई, हे बायकांचं काम नाही. तुम्ही पॅकिंगला जा.”

माझं डोकं फिरलं. “एक गिअर बुडवून दाखवते, मंग बोला.”

गिअर एका दमात आत गेला पाहिजे. मध्येच थबकलात तर वाकडा होतो. मी चिमटा खाली नेला तसा तेलावर भडका उडाला.

“सोडा! मागे व्हा!” ओरडत मॅनेजर थेट दारापर्यंत पळाले.

माझा हात थांबला नाही. गिअर पुरता बुडाला आणि भडका आपोआप विझला.

गिअर थंड झाल्यावर मी त्यांच्या हातात कानस दिली. “घासा. कच्चा असंल तर ओरखडा उठंल.”

त्यांनी सगळा जोर लावला. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली.

“आता बोला सायेब,” मी म्हटलं, “पॅकिंगला कोन जातंय?”