डाव्या दाराखालची टकटक

माझं दुसरं तोंड झाकणाने बंद झालं, वेल्डिंगची शेवटची ठिणगी विझली आणि माझ्या पोटात काहीतरी वाजलं. एकदाच. टक्.

तुम्ही घाबरू नका. घाबरले ती मी. मी डोंगरात फिरणाऱ्या एका गाडीची स्लायडर बोलतेय. डाव्या दाराखाली, चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टांनी आवळलेली, जमिनीला समांतर अशी एक जाड लोखंडी नळी असते, तीच मी. पुष्कळजण मला पायरी समजतात आणि माझ्यावर पाय देऊन वर चढतात. चढोत बापडे. माझं खरं काम वेगळंच आहे. गाडी दगडावर बसली की दाराचा पत्रा चेपण्याआधी मी त्या दगडाला टेकते, सगळा भार अंगावर घेते आणि घसरत घसरत गाडीला पलीकडे नेते. बाहेरून मी अशी दणकट. आतून मात्र पोकळ, आणि पोकळ वस्तू फार लवकर दचकते.

तशी आमची निवडही सुखासुखी झाली नव्हती. गाडी बहीणभावांची. दादा डोंगरमाथ्यावरच्या मोबाईल टॉवरची दुरुस्ती करतो, आणि ताई गाडी चालवते. दोघं दुकानात आली तेव्हा दादाचा जीव भिंतीला टांगलेल्या चकचकीत तयार जोडीवर जडला होता. ताईने गुडघ्यावर बसून त्या जोडीला बोट लावलं आणि एवढंच विचारलं की, गाडी हिच्यावर उभी राहील का? तशीच जोडी नमुना म्हणून लावलेल्या एका गाडीच्या पायरीखाली दुकानाच्या वेल्डरकाकांनी जॅक ठेवला आणि दांडा हलवला. गाडी तसूभरही उचलली गेली नाही. पायरीच मुकाट्याने वर वाकली. दादा म्हणाला, बरं, चकाकी घरी आरशात बघू.

मग आम्ही दोघी जन्मलो. मी डावी, बहीण उजवी. जाड नळी कापली, बाक दिला, चॅसीला धरायचे पाय जोडले. तोंडं बंद करण्यापूर्वी काकांनी हवेचा झोत मारून आतला कणन् कण उडवला आणि एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाचा उजेड बघितला. आत काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळे जण यावरूनच वाद घालत बसले.

ती पहिली टक् काकांनीही ऐकली. गरम लोखंड निवताना वाजतं, असं ते म्हणाले. पण तेवढ्यात दादाने सवयीने माझ्यावर दोनदा टकटक केलं.

ही सवय काय, ते सांगायला हवं. ताई लहानपणापासून दचकते. मागून कुणी हाक मारली तरी तिच्या हातातला कप खाली पडायचा. म्हणून दादा, ती असेल त्या खोलीत शिरण्याआधी, दोनदा टकटक करतो. दोन म्हणजे ‘मीच आहे’. ताईने हाताशी असेल त्यावर एकदा वाजवायचं. एक म्हणजे ‘ऐकलं’. दोघं एवढी मोठी झाली तरी ते सुटलेलं नाही.

तर दादाने माझ्यावर दोनदा वाजवलं आणि आतून उत्तर आलं. एक.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. दादा हसत सुटला. म्हणाला, अगदी तुझीच बहीण दिसतेय, ओ देतेय. काकांनी मला उचलून उभं केलं, आडवं केलं, हलवून बघितलं. मी गप्प. मुद्दाम नव्हे. मला तरी कुठे ठाऊक होतं की आत कोण आहे?

नंतर रंगाची चर्चा. दादाला लाल हवा होता. ताईला काळा, तोही बिनचमकीचा, कारण चमकणाऱ्या वस्तूत आपलं तोंड अचानक दिसलं की तिला धस्स होतं. साधा रंग की पावडर कोटिंग यावर पुन्हा वाद. पावडर म्हणजे कोरडी भुकटी अंगावर फवारून भट्टीत भाजायचं, की ती वितळून कातडीसारखी चिकटते. शेवटी पावडर ठरली.

भट्टीवाल्या बाई कामाला चोख. तोंड बंद असलेली नळी त्या आत जाऊ देत नसत. आधी बारीकसं भोक पाडून घ्यायच्या, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडते. बहिणीला भोक पाडलं. मी आकड्यावर तिच्या मागे टांगलेली. जोडीच आहे, एकीला आहे म्हणजे दुसरीलाही असणार, असं समजून बाईंनी भट्टीचं दार लावलं.

आत माझी हवा फुगत गेली. पोटात मावेना. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर गेली. कातडीने ती चीर जवळजवळ झाकली, त्यामुळे ती कुणाला दिसली नाही. बाहेर काढल्यावर मी निवू लागले आणि त्या चिरेतून हवा आत ओढली गेली. मी श्वास घेतला. लोखंडाने श्वास घ्यावा हे काही बरं लक्षण नव्हे.

पुढचे दिवस मात्र झकास गेले. दादा पायी पुढे चालून हाताने चाकं कुठे टाकायची ते दाखवायचा, ताई ओठ दाताखाली धरून चालवायची. दादा म्हणायचा, स्टिअरिंग भित्र्या माणसाच्या हाती द्यावं, तो दगड सगळ्यांच्या आधी बघतो. आम्ही दोघी दगडांना घासत राहिलो. तापलेल्या अंगाने ओढ्यात उतरलं की मी गार व्हायचे आणि चिरेतून घोटभर पाणी आत घ्यायचे. वारा आला की बहीण तिच्या भोकातून शीळ घालायची. मी शीळ घालत नसे. मी वाजत असे.

गाडी कलली की टक्. दादाचं म्हणणं, आत गंजाचा पापुद्रा सुटलाय, तो घरंगळतो. ताईने विचारलं, मग सपाटीवर उभी असताना का वाजतं? एकदा कापून बघू, म्हणाला. राहूनच गेलं. ज्या आवाजाची सवय होते तो माणसं ऐकायचं सोडून देतात. ताईला मात्र सवय झाली नाही.

एका सकाळी ती गॅरेजमध्ये एकटी काच पुसत होती. माझ्या पोटातून दोनदा आवाज आला. टक टक. तिने मान वर न करता बादलीवर एकदा वाजवलं आणि म्हणाली, ये. कुणी आलं नाही. तिने दार उघडलं. बाहेर रिकामा रस्ता. दादा वरच्या खोलीत गाढ झोपला होता. तेव्हापासून टकटक ऐकली की ती आधी विचारते, “तूच ना?” आणि दादाने तोंडाने ‘मीच’ म्हटल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडत नाही.

हे सगळं मी आज सांगतेय, कारण आज मी एका धोंड्यावर टेकलेली आहे.

टॉवरचं काम संपवून दोघं कोरड्या ओढ्याच्या पात्रातून परतत होती. भर दुपारी धुकं उतरलं, आणि ते इतकं दाट की ताईला बॉनेटही दिसेना. डावं चाक दोन धोंड्यांच्या फटीत गेलं, गाडी कलली आणि सगळा भार माझ्यावर आला. मी धरून ठेवलं. पुढे ओढ्याच्या दोन वाटा फुटतात, कुठली बरी ते बघून येतो, असं म्हणून दादा उतरला. “येतोच,” म्हणाला. धुक्यात तो आधी अर्धा झाला, मग नाहीसा झाला. थोड्या वेळाने खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही.

ताईने हाका मारल्या. हॉर्न वाजवला. एकदा ओ आल्यासारखं वाटलं. पण या घळीत आवाज चहूबाजूंनी परत येतो, तो कुठून निघाला ते कळत नाही. फोनवर एक रेघही नाही. आत्ताच दुरुस्त केलेला टॉवर बरोबर डोक्यावर उभा आहे पण त्याच्या लहरी वरच्या वर दूर जातात, या घळीत त्याचा काही उपयोग नाही. ती कोणत्या वाटेने जाणार? चुकीच्या वाटेने गेली तर परतताना गाडीही सापडायची नाही. आणि मी जरा जरी सरकले तर गाडी खाली जाईल. खाली दादा आहे.

घसा बसला तेव्हा ताई पाना घेऊन माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. दोनदा वाजवलं. टक टक.

टक्, असं उत्तर आलं. ती उठली आणि उजव्या वाटेने धावली. पावलं धुक्यात गेली, थांबली आणि हळूहळू परत आली. तिला कळलं होतं. उत्तर माझ्या पोटातून आलं होतं.

तिने तळहात माझ्या अंगावर ठेवला. ती माझ्याशी बोलली. एवढ्या दिवसांत माझ्याशी कुणीच बोललेलं नव्हतं. म्हणाली, “तू कोण आहेस ते मला विचारायचं नाही. फक्त आता गप्प बस.”

मी गप्प बसलेय. आत जे कोणी आहे, त्यालाही विनवतेय. बहीण शीळ घालायची थांबलीय. धोंडा माझ्या अंगात रुततोय, कातडी सोलली जातेय, खालचं लोखंड उघडं पडतंय. पडू दे. तुम्हालाही हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते, घटकाभर आवाज करू नका. पानसुद्धा उलटू नका. ती पुन्हा दोनदा वाजवतेय. टक टक. मी धोंड्याला टेकलेय, धोंडा खालच्या खडकाला टेकलाय, आणि तो खडक पार खाली घळीत उतरत गेलाय. आवाज लोखंडातून दगडात उतरतोय. मला कळतोय. उतरतोय, उतरतोय.

टक्.

माझ्या पोटात काही हललं नाही. ताईचा तळहात माझ्यावरच होता, तिलाही ते कळलं. आवाज दगडावर दगड आपटल्याचा होता आणि डावीकडून आला होता. तरीही ती जागची उठली नाही. बसक्या आवाजातच जोर लावून तिने धुक्याला विचारलं, “तूच ना?”

आणि खालून, खूप खालून, दादा म्हणाला, “मीच. दचकू नकोस.”