रंभेचं लोखंड

महिनाभर लोखंडाच्या गोळ्या खाऊन रंभेचं रक्त सात पॉइंट चारवरून सात पॉइंट एकवर आलं, आणि पेणच्या दवाखान्यात जनूला दरदरून घाम फुटला.

रंभेला सातवा चालू होता. गेल्या साली, ब्याण्णवला, तिची बहीण सरू रोह्याला बाळंतपणात अंगावरून रक्त जाऊन गेली. तिला खांदा देणाऱ्यांत जनू होता. सरू फार हलकी लागली होती. तेव्हापासून मिठागरावरून आला की तो आधी बायकोला उचलून बघायचा.

गोळ्या सुरू झाल्यावर त्याने बंद रेडिओतला लोहचुंबक काढून तिच्या दंडाला लावला. पडला. रोज पडायचा.

"गोळी चुकवतेस काय गो?" नर्स एस्थरबाईंनी विचारलं.

"हाच भरवतो, बाई."

"एक पण चुकली नाय," जनू म्हणाला. "कोंड्याच्या गोळ्यात घालून देतो. आमची म्हस औषध थुकते, तिला तसंच देतो. एका दमात गिळते."

"म्हैस की ही?"

"दोघी."

एस्थरबाईंनी पेन खाली ठेवलं. "केवढा गोळा?"

"आधी लिंबाएवढा. रक्त वाढंना, म्हणून नारळाएवढा."

"सोललेल्या नारळाएवढा," रंभा म्हणाली. नवऱ्यावर उगाच आळ नको.

"अरे, कोंडा लोखंडाला धरून बसतो! अंगाला लागूच देत नाय, तसाच बाहेर घेऊन जातो."

जनूने कपाळाला हात लावला. "म्हंजे मीच..."

"घाबरून रक्त वाढत नाय. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर दे. त्या वेळेला चहा नको. कोंडा म्हशीला घाल."

पुढचा महिना जनू लिंबं पिळत राहिला. भाकरीकडेसुद्धा तो संशयाने बघायचा. रंभा जेवायची, जनूच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सरूच्या तिरडीचं वजन खांद्यावरून हलत नव्हतं. रंभेला उचलून बघायचं मात्र त्याने सोडलं. हलकी लागली तर?

दुसऱ्या तपासणीला एस्थरबाईंनी कागद दोनदा वाचला. जनूने डोळे मिटले.

"नऊ पॉइंट दोन."

जनू उठला आणि भर दवाखान्यात त्याने रंभेला उचलायला हात घातला. ती जागची हलली नाही. त्याने पुन्हा जोर लावला, मग फरशीवर बसकण मारली आणि हुंदके देऊन रडू लागला.

"आता काय झालं?" रंभा घाबरली.

"जड झालीस गो."