थंड गळा

“आत्या, अजून जरा मेल्यासारखं म्हण ना.”

पद्माने कानावरचे भलेमोठे हेडफोन सावरले. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आशयने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या खिडकीवर टांगल्या होत्या. जानेवारीतही तिला घाम फुटला होता.

“मेल्यासारखं म्हणजे कसं रे? मेलेली माणसं बोलतात होय?”

“अगं, तू नेहमी बोलतेस तसंच. बस, तेच.”

कीबोर्डशी बसलेली मिताली खुदकन हसली. आशयचा आणि तिचा मिळून दोघांचाच बँड होता. “फोई, तमे जेवां छो तेवां ज,” ती म्हणाली. आहात तशाच राहा.

तसं राहणं पद्माला सोपं होतं. ती माइकपाशी झुकली. “होल्ड करा. जोडते. कोणी उचलत नाही.” ना वर, ना खाली; इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट आवाज. आशयने श्रीखंडाचा पहिला घास घेतल्यासारखे डोळे मिटले.

तिच्या गळ्यावर जन्मात पहिल्यांदा कोणी डोळे मिटले होते.

एरवी तो गळा म्हणजे घराला घोर होता. बघायला आलेल्यांनी गायला सांगितलं, तेव्हा मुलाच्या आईने विचारलं होतं, “मुलगी गातेय की बातम्या देतेय?” लग्नाचं ते राहिलंच. प्रतापनगरला रेल्वेच्या टेलिफोन एक्सचेंजात मात्र तोच गळा लागू पडला. रिटायर होऊन ती समा भागात भावाच्या घरी आली आणि घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊ लागली. तिथे दुर्गाबाईंनी तिला प्रेमाने बाजूला घेतलं. “पद्माताई, सूर पक्का, ताल पक्का, पण भाव नाही हो. देव काय कानांनी ऐकतो? तुम्ही असं करा, प्रसाद वाटा.” तेव्हापासून दर गुरुवारी भाव असलेल्या बायका गायच्या आणि पद्मा शिरा वाटायची. शिऱ्यात भाव नसला तरी चालतो, तूप लागतं.

आणि आता हा भाचा म्हणत होता, मला असाच गळा हवा.

“या गाण्यांना कोल्ड वेव्ह म्हणतात,” त्याने सांगितलं होतं.

“थंडीची लाट? ती तर नलियाला येते. पेपरात असतं.”

“ती नाही गं! फ्रान्समध्ये, ऐंशीच्या आसपास. पोरांना काम नाही, पुढचं काही दिसत नाही. स्वस्तातले कीबोर्ड घ्यायचे, ढोल वाजवायला माणसाऐवजी एक डबा. घरीच कॅसेट भरायची, मित्रांना वाटायची. आणि गायचं कसं, तर वाचून दाखवल्यासारखं. दुःख असतं, पण ते दाखवायचं नाही.”

तिने तुरीच्या शेंगा सोलता सोलता तसली गाणी ऐकली. भाषा कळेना. पण तो डबा ठक ठक करत चालला होता. कोणासाठी थांबत नव्हता, कोणाला समजावत नव्हता. त्यावर कुणीतरी परकी मुलगी लांबून, कोरडी बोलत होती. पद्माला एक्सचेंजातली ती दुपार आठवली. भरुचहून फोन आला होता, गाडीखाली गेलेल्या गँगमनचा. त्याच्या बायकोला क्वार्टर्समधून बोलावून तिनेच लाइन जोडून दिली. पलीकडून हंबरडा आला, आणि पद्मा म्हणाली, “बोला, लाइन चालू आहे.” रडायचं काम रडणारीचं, जोडायचं काम तिचं. घरी येऊन मोरीतला नळ मोठा सोडून ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली होती.

“ही पोरगी नळ सोडून आलेली दिसतेय,” ती म्हणाली. आशयला काही कळलं नाही. पण गाण्याचे शब्द त्याने तिच्या एक्सचेंजातल्या बोलण्यातूनच उचलले.

गाणं त्याने नेटवर चढवलं आणि कुठकुठल्या देशांतली माणसं लिहू लागली. ही बाई कोण? हिच्या आवाजात बर्फ आहे. बाईंना वंदन. फतेगंजच्या एका हॉलवाल्याने रविवार संध्याकाळचा कार्यक्रमच दिला.

पद्माला घरात एकदम भाव आला. लीलावहिनी तिच्या पोळीवर न मागता तूप घालू लागली. “वन्सं, घसा जपा हं. आता फ्रान्सवाले न्यायला येतील.” टोमणाच तो, पण तुपातला. दुर्गाबाईंच्या नातीने मोबाइलवर गाणं लावलं तेव्हा अख्खं मंडळ गप्प झालं म्हणे. पद्माने काळी साडी घेतली. दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना ती गाणं म्हणून दाखवू लागली. माणसाला भाव मिळाला की तो मुरतो, आणि मुरला की कुठूनतरी पाझरतो. तिचा गळ्यातून पाझरला.

तालमीला ती ‘कोणी उचलत नाही’पर्यंत आली आणि ‘नाही’वर आवाज हलला. एवढासाच, पाण्यात पान हलावं तेवढा.

आशयने डबा बंद केला. “आत्या, काय करतेस? गातेस तू!”

“मग काय करू?”

“गाऊ नकोस ना!”

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा हललं. गळा आवळून म्हटलं तर आणखीच भरून आलं. मितालीने कपाळाला हात लावला. “आ तो भजन थई गयुं.”

हे ऐकायला दुर्गाबाई हव्या होत्या.

पद्माने काय काय केलं. बर्फाचं पाणी प्याली. रेल्वेचं वेळापत्रक आठवून म्हटलं. जुन्या आठवणी काढल्या, की त्याने तरी गळा गोठेल. काही होईना. इतकी वर्षं जो भाव नाही म्हणून शिरा वाटला, तो आता पाहुण्यासारखा येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

शनिवारी आशय तिच्या खोलीत आला. चेहरा हसरा होता. “आत्या, टेन्शन संपलं. तुझी आधीची सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवली. त्याला तुझा आवाज जमला. आता तो काहीही म्हणतो, तुझ्यासारखं. म्हणजे खरं सांगू? तुझ्यापेक्षा तुझ्यासारखं.”

“आणि मी?”

“तू उभी राहा ना! साडी मस्त आहे. नुसते ओठ हलवायचे.”

“माइक?”

“असेल. चालू नसेल.”

दारात उभी असलेली लीला म्हणाली, “वन्सं, उभं तर राहायचंय. एवढंही जमणार नाही का?”

ती प्रेमाने बोलत होती की नाही, कोण जाणे. पद्माने साडीला फॉल लावायला घेतला.

रविवारी हॉल भरला होता. काळे कपडे घातलेली पोरं खुर्च्या सोडून उभी होती. डबा ठक ठक करू लागला आणि वरच्या भोंग्यांतून पद्मा बोलली. होल्ड करा. जोडते. खाली माइकपाशी दुसरी पद्मा ओठ हलवत होती. ती वरची किती छान म्हणत होती! ना वर, ना खाली. कोणी हिला अजून काही दिलं नव्हतं, म्हणून कोणी काही घेतलंही नव्हतं. पद्माला तिचा हेवा वाटला.

तेवढ्यात ‘कोणी उचलत नाही’ आलं, आणि पद्मा खरोखरच गाऊ लागली. गळा मोकळा सोडून, पोटापासून. गच्चीवरही ती कधी तशी गायली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. भोंग्यांच्या त्या दणक्यात एक अक्षर कोणाच्या कानी पडलं नाही. तिचं तिलाही ऐकू आलं नाही. आपण बरं गातोय की वाईट, हे कळायची सोयच नव्हती.

कडवं संपायच्या आत ती माइकपासून मागे सरली आणि पायऱ्या उतरून गर्दीतून चालू लागली. वर तिचा आवाज चालूच राहिला. पोरांना तिचं ते चालणं कार्यक्रमाचाच भाग वाटलं. त्यांनी आदराने वाट करून दिली, मोबाइल उंच धरले, कोणी शीळ घातली. तिने एकदा वळून पाहिलं. आशयने यंत्रामागून आनंदाने अंगठा वर केला होता.

बाहेर फाटकाशी म्हातारा वॉचमन बाकावर बसून मोबाइलवर डायरो, गावाकडच्या गाण्या-गोष्टींची मैफल, ऐकत होता. बाईला घाम आलेला पाहून तो सरकला. “बेसो बेन. अंदर नथी जवुं?” आत नाही जायचं?

“इथूनही ऐकू येतं,” ती मराठीतच म्हणाली.

बेनला गाणं ऐकायचं आहे, असं त्याला वाटलं. भला माणूस होता. त्याने डायरो बंद केला, मोबाइल खिशात टाकला आणि हात मांडीवर ठेवून तिच्यासाठी अगदी गप्प बसून राहिला.