‘एन-फॅक्टर’चा पहिला अल्बम

निशिकांत देवस्थळी एका विमा कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमचा मॅनेजर होता. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने युरोडान्सचा बँड काढला. पुण्याला होस्टेलवर असताना त्याने या संगीताच्या कॅसेटी झिजवल्या होत्या. खाली धाडधाड ठेका, मधे पुरुषाचं भराभर बोलल्यासारखं रॅप आणि मग बाईचा उंच, मोकळा आवाज. पुढे लग्न, नोकरी, सिंगापूरला कायम राहायचा परवाना, चोआ चू कांगचा फ्लॅट असं सगळं यथासांग पार पडलं. आता अल्बमच काय तो राहिला होता.

बँडचं नाव ‘एन-फॅक्टर’. यातला एन म्हणजे काय, हे तो कुणी विचारायच्या आत सांगून टाकी.

उंच, मोकळा आवाज त्याला मराठी मंडळाच्या सहलीत सापडला. स्नेहल रामटेके मूळची नागपूरची, इथे पाणी शुद्ध करायच्या पडद्यांवर संशोधन करायची. लहानपणापासून जयंतीच्या मिरवणुकीत गायलेली, त्यामुळे माईक असला काय नि नसला काय. बसमध्ये तिने भेंड्यांत एक गाणं उचललं आणि चिनी ड्रायव्हरने आपला रेडिओ बंद केला. निशिकांतने तिथेच तिला बँडमध्ये घेतलं.

रेकॉर्डिंग क्वीन्सटाउनला, क्षितिजकडे. हा पंचविशीतला साउंड इंजिनियर. इथल्या नव्या फ्लॅटांत एक छोटी खोली बॉम्ब शेल्टर म्हणूनच बांधतात; त्याच्याकडच्या खोलीला जाड भिंती आणि लोखंडी दार होतं. बाकीचे लोक तिथे जुन्या बॅगा ठेवतात, क्षितिजने माईक ठेवला होता. स्नेहलने सहा गाणी दोन शनिवारांत गाऊन टाकली. निशिकांतच्या रॅपला नऊ शनिवार लागले. स्नेहलला सोडायला येणारा तिचा नवरा धम्मानंद, बोगद्यांचा इंजिनियर, बाहेर पेपर वाचत बसे.

मग कव्हरचा विषय निघाला.

“स्नेहल, गैरसमज नको,” निशिकांत म्हणाला. “युरोडान्समध्ये आवाज एकीचा नि चेहरा दुसरीचा, ही परंपराच आहे. कव्हरवर आणि स्टेजवर माझ्याबरोबर मीनल असेल. जरा फ्रेश लूक हवा.”

मीनल एका कॉन्डो सोसायटीत झुंबा नाचाचे वर्ग घ्यायची. आपल्याला गाता येत नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं.

“आणि माझं नाव?” स्नेहलने विचारलं.

“आत. आभारात.”

स्नेहलने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि पर्स उचलली. धम्मानंदने पेपरची चौघडी केली. दोघं निघून गेले.

महिन्याभराने अल्बम तयार झाला. निशिकांतने तो सकाळी एमआरटीत ऐकला. खर्जातला, भारदस्त आवाज, प्रत्येक शब्द ठेक्यावर नेमका पडलेला. आपल्याला आपला आवाज इतकी वर्षं कळलाच नव्हता, असं त्याला वाटलं आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं. संध्याकाळी त्याने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या, इराच्या कानात इअरफोन घातला.

अर्ध्या मिनिटाने तिने तो काढला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, दॅट्स नॉट यू, ला.”

“मिक्सिंग असतं ते.”

“यू से ‘राहिलं’. धिस अंकल सेज ‘राह्यलं’.”

निशिकांतने क्षितिजला फोन लावला.

“सर, तुम्ही दर वेळी ठेका गेल्यावर पोचत होता,” क्षितिज म्हणाला. “कुठे उचलायचं ते तुम्हाला ऐकवावं म्हणून धम्मानंद सरांनी एका शनिवारी, तुम्ही यायच्या आधी, सगळं रॅप एकदा म्हणून दिलं. तेच ठेवलं. तुम्हीच म्हणाला होता ना, आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा? कव्हरवर तुम्हीच आहात.”

“आणि त्याचं नाव?”

“आत. आभारात.”

दोन दिवस निशिकांतने आरशासमोर धम्मानंदच्या आवाजावर ओठ हलवून पाहिले. ओठही मागेच राहत होते. तिसऱ्या दिवशी तो स्नेहलच्या घरी गेला. धम्मानंदने चहा केला.

“चालू द्या सर तुमच्याच नावानं,” तो म्हणाला. “मला स्टेजची हौस नाही.”

“मला आहे,” स्नेहल म्हणाली. “रविवारी प्रकाशनाला मी गाणार, हेही गातील. तुम्ही आणि मीनल पुढे नाचा नाहीतर मागे नाचा, माझी हरकत नाही.”

“पण कव्हर छापून आलंय.”

“मग ते लावा स्टेजवर. गातंय का बघू.”

निशिकांतने चहा संपवला आणि मीनलला कळवलं. तिला हायसंच वाटलं.

रविवारी दुपारी सेरंगूनच्या कम्युनिटी क्लबात प्रकाशन झालं. स्नेहल साध्या निळ्या साडीत आली. तिने पहिली ओळ उचलली तशा मागच्या रांगेतल्या गप्पा थांबल्या. धम्मानंद डोळे मिटून, हात खिशात घालून रॅप करत होता. दुसऱ्या गाण्याला लोकांनी खुर्च्या भिंतीला लावल्या. निशिकांत चंदेरी जाकीट आणि काळा चष्मा घालून मीनलशेजारी नाचत होता. तो ठेक्याच्या मागेच होता, पण आता अख्खा हॉल उड्या मारत होता आणि त्यातला निम्मा त्याच्याहूनही मागे होता. आपल्याकडे कोण बघतंय हे पाहायचं तो चक्क विसरला.

नंतर समोशांच्या रांगेत, पुण्याहून लेकीकडे आलेल्या सरोजिनीबाईंनी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं, “तो चंदेरी जाकिटातला कोण हो?”

अध्यक्षांनी हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. “त्यांच्याबरोबर असतो,” ते म्हणाले.

निशिकांत त्यांच्या मागेच उभा होता. “मी निशिकांत,” तो पुढे होऊन म्हणाला. “बँड माझा आहे.”

“हो का? छान हो,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “मग त्या गाणाऱ्या बाईंना जरा बोलावता का?”

निशिकांतने हातातली डिश खाली ठेवली आणि तो स्नेहलला बोलवायला गेला.